नमाजची वेळ सांगायला ॲपला आपले घर कशाला माहीत हवे?

रमजान जवळ आला की घराघरांतल्या मोबाइलवर एखादे नवे ॲप येते. सहेरी-इफ्तारची वेळ, किबल्याची दिशा, अजानचा आवाज, दुआ, तस्बीह, सगळे एकाच ठिकाणी आणि फुकट. ॲप पहिल्यांदा उघडले की ते विचारते, तुमचे लोकेशन वापरू का? फोटो बघू का? कॉन्टॅक्ट बघू का? आपण कामात असतो. 'अलाऊ'वर बोट ठेवतो आणि पुढे जातो. दीनचे ॲप आहे, त्यात धोका कसला, असेही मनात असते. आम्हाला या 'अलाऊ'विषयीच बोलायचे आहे. सुरुवात नमाजच्या ॲपपासून करतो, कारण या विषयावर जगात जी प्रकरणे गाजली त्यातले एक मोठे प्रकरण नमाजच्याच ॲपचे आहे.

नोव्हेंबर २०२० मध्ये अमेरिकेतल्या 'मदरबोर्ड' या बातमी संकेतस्थळाने 'मुस्लिम प्रो' या ॲपबद्दल बातमी दिली. तोपर्यंत हे ॲप जगभरात ९ कोटी ८० लाखांहून जास्त वेळा डाउनलोड झाले होते. बातमी अशी की, ॲप वापरणाऱ्यांचे लोकेशन 'एक्स-मोड' नावाच्या कंपनीकडे जात होते, तिच्याकडून ते कंत्राटदारांना विकले जात होते आणि त्यांच्यामार्फत अमेरिकी लष्करापर्यंत पोचत होते. ॲपवाल्यांनी लष्कराला थेट माहिती विकल्याचे नाकारले आणि एक्स-मोडशी संबंध तोडल्याचे जाहीर केले. पुढच्याच महिन्यात ॲपल आणि गुगलने सर्व ॲपवाल्यांना एक्स-मोडचा कोड काढून टाकायला सांगितले. जानेवारी २०२१ मध्ये 'सलात फर्स्ट' या दुसऱ्या नमाजच्या ॲपचे लोकेशन 'प्रेडिसिओ' या फ्रेंच कंपनीला दिले जात असल्याचे उघड झाले. शेवटी जानेवारी २०२४ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने एक्स-मोड आणि तिची वारस कंपनी 'आउटलॉजिक' यांना संवेदनशील ठिकाणांचे लोकेशन विकायला बंदी केली. या ठिकाणांत दवाखाने होते, तशी प्रार्थनास्थळेही होती.

आता हे घडते कसे ते बघू. ॲप बनवणारा सगळा कोड स्वतः लिहीत नाही. नकाशाचा तुकडा एकाकडून, जाहिरातीचा दुसऱ्याकडून, मोजदादीचा तिसऱ्याकडून घेतो. लोणावळ्यातला चिक्कीवाला चिक्की स्वतः बनवतो, पण खोका छापखान्यातून आणतो, तसेच. फरक एवढाच की या खोक्यात छापखानावाल्याने एक चिठ्ठी लपवलेली असू शकते, आणि ती चिठ्ठी खोका कोणाच्या घरी गेला हे रोज कळवत राहते. वर त्या चिठ्ठीचे पैसे चिक्कीवाल्याला मिळतात. तुम्ही परवानगी दिली ती चिक्कीवाल्याला. खोक्यातल्या चिठ्ठीला वेगळी परवानगी मागावी लागत नाही, ॲपला मिळालेली परवानगीच ती वापरते. आणखी एक गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. अँड्रॉइड फोनवर इंटरनेट वापरण्यासाठी ॲप तुम्हाला विचारतच नाही. म्हणजे लोकेशन एकदा मिळाले की ते बाहेर पाठवायला पुढे कुठलाच दरवाजा नाही.

यावर कंपन्यांचे एक ठरलेले उत्तर असते: माहिती निनावी आहे, त्यात कोणाचे नाव नाही. हे उत्तर मावळात बसून जरा तपासून बघा. फोनला जाहिरातीसाठी एक लांबलचक क्रमांक असतो, लोकेशन त्या क्रमांकाला जोडलेले असते. समजा असा एक क्रमांक रात्री कामशेतच्या एका इमारतीत थांबतो, सकाळी लोकलच्या रुळांवरून चिंचवडकडे सरकतो, दिवसभर एका कारखान्यात असतो आणि शुक्रवारी दुपारी मशिदीत. नाव कशाला हवे? मुंबईच्या मोहम्मद अली रोडवर असा माणूस हजारोंत लपून जाईल. मावळातल्या अनेक गावांत मुस्लिमांची घरे मोजकीच आहेत. तिथे रात्रीचा ठिपका आणि जुम्याचा ठिपका जोडला की घर सापडते. लहान गावात निनावीपण पातळ असते, ही गोष्ट आपल्याइतकी कोणाला कळणार?

जानेवारी २०१८ मध्ये 'स्ट्रावा' या व्यायामाच्या ॲपचा जागतिक नकाशा चर्चेत आला होता. त्यातही कोणाचे नाव नव्हते. पण धावणाऱ्यांच्या वाटा उजळल्या आणि निर्जन भागातले लष्करी तळ नकाशावर उठून दिसले. लोणावळ्याच्या मुलांना हे उदाहरण लगेच समजते, कारण त्यांच्या गावाला लागूनच आयएनएस शिवाजी हे नौदलाचे प्रशिक्षण केंद्र आहे.

खरी गरज किती?

मग नमाजचे ॲप टाकूच नये का? असे आम्ही म्हणत नाही. त्याला जेवढे लागते तेवढे द्यावे, आणि ते किती हे गणिताने काढता येते.

नमाजची वेळ सूर्यावर ठरते. पृथ्वी एक अंश फिरायला ४ मिनिटे घेते. आपल्या भागात एक रेखांश म्हणजे साधारण १०५ किलोमीटर. म्हणजे पूर्व-पश्चिम १० किलोमीटर सरकले तर वेळ अर्ध्या मिनिटापेक्षाही कमी बदलते. लोणावळा ते तळेगाव दाभाडे हा फरक जेमतेम एका मिनिटाचा, लोणावळा ते पुणे शहर दोन मिनिटांच्या आतला. जो रोज लोणावळा-पुणे लोकलने ये-जा करतो त्याच्यासाठीसुद्धा ॲपने चोवीस तास मागावर राहण्याचे कारण नाही.

पण एक काळजी घ्या. ॲपच्या यादीत लोणावळा मिळाले नाही म्हणून पुणे निवडले, तर लोणावळा पश्चिमेला असल्याने तिथे सूर्य पुण्यापेक्षा जवळपास दोन मिनिटे उशिरा मावळतो. इफ्तार पुण्याच्या वेळेवर केला तर तो आधी होईल. यादीत लोणावळा शोधा, किंवा ॲपमध्ये मिनिटे पुढे-मागे करायची सोय असते ती वापरा. सर्वांत बरे म्हणजे मशिदीत लावलेला तक्ता आणि मोअज्जिन साहेबांची अजान. त्यांना कुठलीच परमिशन लागत नाही.

किबल्याचेही तसेच. मावळातून मक्केची दिशा पश्चिमेपासून उत्तरेकडे दहा-अकरा अंश झुकलेली आहे. लोणावळ्यात असा, वडगावात किंवा तळेगावात, ती डोळ्यांना जाणवेल इतकी बदलत नाही. फोनमधला होकायंत्राचा सेन्सर लोकेशनशिवाय चालतो.

वेळ चुकण्याची खरी कारणे वेगळीच असतात. ॲपमध्ये 'कॅल्क्युलेशन मेथड' नावाची सेटिंग असते. कराची पद्धतीत फजर सूर्य क्षितिजाच्या १८ अंश खाली असताना धरतात, उत्तर अमेरिकेच्या 'इस्ना' पद्धतीत १५ अंश. या तीन अंशांनी फजरची वेळ बारा-तेरा मिनिटांनी पुढे-मागे होते. असरला हनफी की शाफई हे चुकीचे निवडले तर फरक त्याहून कितीतरी मोठा. आपल्याकडे कोकणातून आलेली शाफई कुटुंबेही आहेत, त्यांनी हे जरूर बघावे. म्हणजे बघा, वेळ बिनचूक हवी म्हणून आपण घराचा अचूक पत्ता देतो, आणि ज्या सेटिंगने वेळ खरोखर बदलते ती उघडूनही पाहत नाही.

आता फोन हातात घ्या. सेटिंग्ज, मग ॲप्स, मग ते ॲप, मग परमिशन्स, मग लोकेशन. तिथे 'नेहमी', 'फक्त ॲप वापरताना', 'दर वेळी विचारा' आणि 'परवानगी नाही' असे पर्याय दिसतील. सगळे पर्याय प्रत्येक ॲपला दिसतीलच असे नाही. शहर हाताने निवडले असेल तर 'परवानगी नाही' करा, ॲप चालत राहील. तसे जमत नसेल तर 'फक्त ॲप वापरताना' ठेवा आणि खालचे 'प्रिसाइज लोकेशन' बंद करा. ही अचूक-अंदाजे निवड अँड्रॉइड १२ पासून, म्हणजे २०२१ पासून आहे. आयफोनवर ती त्याच्या एक वर्ष आधी आली. मग सेटिंग्जमध्ये वरच्या शोधायच्या जागी 'ॲड्स' टाइप करा आणि जाहिरातीचा तो लांबलचक क्रमांक डिलीट करून टाका. इतके केल्यावरही इंटरनेटच्या पत्त्यावरून साधारण कुठल्या शहरात आहात एवढे कळू शकते. ते चालेल. शहर कळणे आणि घराचा उंबरठा कळणे यात फरक आहे.

लोकेशन देणे वाईटच, असा अर्थ कोणी काढू नये. २०२४ पासून भारत सरकारचे 'हज सुविधा' ॲप आहे. मिनाच्या तंबूंत सत्तर वर्षांचे नाना वाट चुकले तर लोकेशन हीच मोठी नेमत ठरते. तिथे द्यावे, आणि हजहून परत आल्यावर बंद करावे.

दारावर थांबायचा अदब

परवानगी मागण्याची रीत आपल्याला नवी नाही. सूरह नूरमध्ये दुसऱ्याच्या घरात इजाजत आणि सलामशिवाय शिरू नये हा हुकूम आहे, आणि परत जा म्हटले तर परत जावे हेही तिथेच आहे. त्याच सूरहमध्ये घरातल्या लहान मुलांनीसुद्धा दिवसातल्या तीन वेळांना विचारून खोलीत यावे असे सांगितले आहे. सूरह हुजुरातमध्ये दुसऱ्याची टेहळणी, तजस्सुस, मना आहे. मदरशात मुले हे शिकतात. जे ॲप 'नाही' म्हटल्यावर पुन्हा पुन्हा दार वाजवते, किंवा सगळे दिल्याशिवाय उघडतच नाही, त्याला काय म्हणायचे ते त्यांना वेगळे सांगावे लागत नाही.

यातली सर्वांत नाजूक परवानगी आमच्या मते कॉन्टॅक्टची आहे. लोकेशन आपले असते, कॉन्टॅक्ट दुसऱ्यांचे असतात. खालाचा नंबर, शाळेतल्या बाईंचा, दवाखान्याचा, नव्याने ठरलेल्या सोयरिकीतल्या माणसांचा. ही सगळी अमानत आहे. आपण 'अलाऊ' म्हटले की दोन-तीनशे माणसांना न विचारता त्यांचे नाव-नंबर आपण पुढे करतो.

हे किती महागात पडते ते कर्जाच्या ॲपनी दाखवले. पाच-सहा हजारांचे झटपट कर्ज, कागद नाहीत, फक्त कॉन्टॅक्ट आणि फोटोची परमिशन द्या. हप्ता चुकला, कधी कधी तर कर्ज घेतलेलेच नसले, तरी यादीतल्या लोकांना घाणेरडे मेसेज आणि बिघडवलेले फोटो जातात. मे २०२२ मध्ये मुंबईतल्या मालाडमधल्या एका माणसाने अशाच छळाला कंटाळून जीव दिला. त्याचे बनावट फोटो ओळखीच्या लोकांना पाठवले गेले होते.

त्यानंतर २ सप्टेंबर २०२२ रोजी रिझर्व्ह बँकेने डिजिटल कर्जाचे नियम काढले. कर्ज देणाऱ्या ॲपने फोनमधल्या फाइल, फोटो, कॉन्टॅक्ट आणि कॉलची यादी यांना हात लावायचा नाही. कॅमेरा, माइक, लोकेशन एकदाच, केवायसीपुरते, तेही संमती घेऊन. गुगलनेही २०२३ मध्ये प्ले स्टोअरवरच्या कर्ज ॲपना कॉन्टॅक्ट आणि फोटो बंद केले. म्हणून खूण सोपी झाली: कर्जाचे ॲप कॉन्टॅक्ट मागत असेल तर ते नियम मोडते आहे, तिथेच काढून टाका. आपल्यात व्याजाचा प्रश्न आहेच. पण गरज अडली की माणूस गुपचूप असे कर्ज घेतो, घरी सांगत नाही, आणि बदनामीची धमकी त्या गुपचूपपणावरच चालते. घरच्यांनी आधी ओरडू नये एवढी विनंती आहे.

फोटोंचे बोलायचे तर, घरातल्या लेकी-सुनांचे जे फोटो आपण स्टेटसलाही ठेवत नाही ते गॅलरीत असतात. वॉलपेपरच्या किंवा ईदच्या फ्रेमच्या ॲपला सगळी गॅलरी दिली की ते त्या ॲपच्या हाती आले. जुलै २०२१ मध्ये 'सुल्ली डील्स' आणि १ जानेवारी २०२२ ला 'बुल्ली बाई' या नावाने मुस्लिम महिलांचे फोटो टाकून त्यांचा लिलाव मांडल्याचा किळसवाणा प्रकार झाला. बुल्ली बाईच्या प्रकरणात मुंबईच्या सायबर पोलिसांनी गुन्हा नोंदवून अटका केल्या. ते फोटो परमिशनमधून गेले नव्हते, समाजमाध्यमांवरून उचलले होते. पण आपल्या बहिणींच्या फोटोंचे कोणी काय करू शकतो हे त्यातून कळले. अँड्रॉइड १४ आणि त्यापुढच्या फोनवर, तसेच आयफोनवर, 'निवडक फोटो' हा पर्याय आहे. ईदच्या फ्रेमला एक फोटो लागतो, तो एकच द्या.

लोणावळ्यात याला आणखी एक बाजू आहे. आपले कितीतरी भाऊ बंगल्यांवर, हॉटेलांत, टॅक्सीवर काम करतात. पाहुणे ओळखपत्र म्हणून आधारकार्डाचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवतात आणि तो वर्षानुवर्षे गॅलरीत पडून राहतो. मालकाने मागितलेली नोंद झाली की असे फोटो डिलीट करा, आणि 'रिसेंटली डिलीटेड' किंवा 'ट्रॅश'मधूनही काढा. स्वतःचे आधार द्यायची वेळ आली तर आधारच्या अधिकृत संकेतस्थळावर 'मास्क्ड आधार' मिळते, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात.

एसएमएस आणि 'ॲक्सेसिबिलिटी' या दोन परवानग्या मात्र पैशांच्या आहेत. व्हॉट्सॲपवर 'निकाहची दावत' किंवा 'आरटीओ चलन' अशा नावाची फाइल येते, शेवटी 'एपीके' लिहिलेले असते. ती पत्रिका नसते, ॲप असते. ते एसएमएस वाचायची परवानगी मागते, म्हणजे बँकेचा ओटीपी त्याला दिसतो. ॲक्सेसिबिलिटी ही दृष्टी अधू असलेल्यांसाठीची सोय. ती दिली की ॲप तुमची स्क्रीन वाचू शकते, तुमच्या वतीने बटण दाबू शकते. पाठवणारा मामूच असला तरी उघडू नका. त्यांचाच फोन हातचा गेलेला असू शकतो. फोन लावून विचारा, दावत खरी असेल तर ते तोंडी सांगतीलच.

उर्दू किंवा मराठी लिहायला वेगळा कीबोर्ड टाकणाऱ्यांनीही सांभाळावे. नवा कीबोर्ड चालू करताना अँड्रॉइड स्वतःच इशारा देतो की हा तुम्ही टाइप केलेले सगळे, पासवर्डसकट, गोळा करू शकतो. तो इशारा खरा आहे. फोनबरोबर आलेल्या कीबोर्डमध्ये बहुतेक वेळा या दोन्ही भाषा मिळतात, फक्त सेटिंगमधून चालू कराव्या लागतात.

कायदा कुठवर साथ देतो?

२४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या खंडपीठाने पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे एकमताने सांगितले. ऑगस्ट २०२३ मध्ये डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायदा झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, आणि कंपन्यांवरची मुख्य बंधने लागू व्हायला तिथून १८ महिन्यांची मुदत आहे.

कायद्यात एक उदाहरणच दिले आहे. डॉक्टरांचा सल्ला देणाऱ्या ॲपने कॉन्टॅक्टची यादी मागितली आणि बाईंनी दोन्हीला होकार दिला, तरी त्यांचा होकार सल्ल्यापुरताच धरायचा, कारण त्या कामाला कॉन्टॅक्ट लागत नाहीत. लोकेशनच्या गणितात आपण वर हेच पाहिले. संमती देणे जितके सोपे, मागे घेणेही तितकेच सोपे हवे. १८ वर्षांखालच्या मुलांसाठी आई-वडिलांची पडताळलेली संमती हवी. मुलांच्या वागण्यावर नजर ठेवून त्यांना जाहिराती दाखवायला मनाई आहे, नियमांत दिलेल्या काही सवलती सोडून. दंड २५० कोटी रुपयांपर्यंत. आणि संमतीची सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या कुठल्याही भाषेत वाचण्याचा पर्याय द्यावा लागेल. मराठी त्यात आहे, उर्दूही आहे. अम्मीला उर्दूत आणि नातीला मराठीत, दोघींना एकच सूचना आपापल्या लिपीत वाचता येईल. आम्ही दोन्ही भाषा शिकलो, त्यामुळे या कलमाचा आनंद आम्हाला जरा जास्तच झाला.

कमतरताही आहे. सरकार आपल्या यंत्रणांना या कायद्यातून सूट देऊ शकते, आणि त्यावर अनेक कायदेतज्ज्ञांनी आक्षेप घेतले आहेत. शिवाय परदेशातल्या दलालाच्या हाती गेलेले लोकेशन इथल्या दंडाने परत येत नाही.

पैसे गेले असतील तर १९३० या हेल्पलाइनवर ताबडतोब फोन करा, पहिले काही तास फार मोलाचे असतात. फोटोवरून धमकी येत असेल तर राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार करता येते. महिला आणि मुलांविषयीची तक्रार तिथे नाव न देताही नोंदवता येते. मेसेज आणि नंबर डिलीट करू नका, स्क्रीनशॉट काढून ठेवा.

येत्या जुम्याला नमाजनंतर घरी आलात की अब्बांचा, अम्मीचा आणि मुलांचा फोन घेऊन बसा. सेटिंग्जमधला 'परमिशन मॅनेजर' उघडा. तिथे लोकेशनवर बोट ठेवले की ते कोणाकोणाला दिले आहे त्याची यादी येते. टॉर्च, कॅल्क्युलेटर, लहान मुलांचा खेळ यांची नावे त्यात दिसली तर लगेच बंद करा. मग कॉन्टॅक्ट, मग माइक, मग एसएमएस. तीन फोनांना अर्धा-पाऊण तास लागेल. अम्मीचा फोन शेवटी घ्या, तिथे ॲप सर्वांत जास्त निघतील, आणि त्यातली निम्मी आपणच टाकून दिलेली असतील.